डाव्या पायाच्या स्थलांतराबाबत

'विषय : माझ्या दिवंगत पत्नीचा डावा पाय कबरस्थानाच्या जुन्या भागातून काढून नव्या भागातील तिच्या कबरीत हलवण्याबाबत. संदर्भ : माझा याच विषयावरील मागील अर्ज, आणि त्याच्याही मागील.' – हसा, हसा, संकोच करू नका, आत चर्चच्या कमिटीतही हसले होते, फक्त त्यांनी खोकल्यासारखं केलं. तुम्ही विचारलंत म्हणून वाचून दाखवला, नाहीतर मी आपण होऊन कुणाला दाखवत नाही. तुमचं काय काम? बाप्तिस्म्याचा दाखला? मग बसा निवांत, ते दार इतक्यात उघडत नाही. मी सरकारी कचेरीत जन्म घालवलाय, बंद दारामागे चहा चालू आहे की काम, हे मला बाकावर बसून कळतं. – चहा आहे.

हो, पायच. आख्खा माणूस नाही, पाय. साखरेचा आजार होता तिला, अंगठा काळा पडला, मग पाऊल, मग डॉक्टर म्हणाले गुडघ्यावरून काढावा लागेल. रडली नाही. म्हणाली, काढा, पण फेकायचा नाही, घरी द्यायचा. डॉक्टर माझ्याकडे बघतात, मी डॉक्टरांकडे. ती म्हणाली, "माझ्या प्रभूनं मला दोन पायांवर निर्माण केलंय, शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील तेव्हा मी लंगडत नाही उठणार." झालं. सुताराकडे पेटी करायला गेलो. माप ऐकून त्याचा चेहरा उतरला, हळूच विचारतो, बाळ किती महिन्यांचं होतं हो? मी म्हटलं, अठ्ठावन्न वर्षांचं. आमचे जुने पाळकसाहेब होते तेव्हा – देवमाणूस, कशालाच नाही म्हणायचे नाहीत, तोच त्यांचा दोष. माझ्या आईवडिलांच्या कबरीत जागा होती, तिथे त्यांनी रीतसर प्रार्थना करून पाय पुरला. मूठमाती कुणी द्यायची यावर थोडी चर्चा झाली. शेवटी मी दिली. नवऱ्याच्या नात्याने.

मग तिला लाकडी पाय बसवला, आणि दर रविवारी उपासना सुटली की आम्ही दोघं तिथे जाऊन बसायचो. तिच्या पायाच्या कबरीवर, ती स्वतः, फुलं घेऊन! लोक आपल्या मेलेल्या माणसांना फुलं वाहतात, ही बाई स्वतःच्या पिंडरीला. मी चिडवायचो – मी आपला वाचणारा माणूस, चर्चला जायचो तो तिला सोबत म्हणून – म्हणायचो, अगं, बायबलात पौल काय सांगतो? दाणा पेरला की दाणा उगवतो का? रोप उगवतं. पेरायचा तो मातीचा देह, उठेल तो आत्मिक देह. तुझ्या पायाचं काय लोणचं घालायचंय? ती म्हणायची, "आणि प्रभूने कबरीतून उठल्यावर मासा खाल्ला तो आत्म्याने खाल्ला वाटतं? काट्यांचं काय केलं मग?" तिला वादात हरवणं म्हणजे भिंतीला शिकवणं. शेवटी म्हणायची, "हे बघा, त्या दिवशी गर्दी असेल, मी एका पायावर शोधत बसणार नाही. तुम्हीच आणून द्यायचा. जन्मभर लोकांच्या हरवलेल्या फायली शोधून दिल्यात ना, बायकोचा पाय नाही सापडायचा?" – बरं, म्हटलं. आता नवरा-बायकोत 'बरं' म्हणण्याला काय अर्थ असतो? पण म्हटलं खरं.

ती गेली. त्याच कबरीत ठेवायची म्हणून मी निर्धास्त. तर कमिटी म्हणते, ही कबर उघडता येणार नाही, अलीकडेच तिच्यात दफन झालंय, नियमाप्रमाणे मुदत भरायचीय. मी विचारलं, कुणाचं दफन? तर म्हणे, तुमच्या पत्नीचं. म्हणजे बघा – माझी बायको मेली तेव्हा तिच्या जागेवर आधीच कुणीतरी होतं, आणि ते म्हणजे ती! घरात मढं, दारात माणसं, वाद कुणाशी घालणार? नव्या भागात नेली. पाय इकडे, बाई तिकडे, मध्ये पाण्याची टाकी.

तरी मी गप्प होतो. म्हटलं, मुदत भरेल, मग बघू. तर आता जुना भागच काढायचा ठरलाय. सभागृह बांधतायत, त्याच्यापुढे गाड्या लावायला जागा हवी. निघतील ती हाडं सगळी एका खड्ड्यात, एकत्र. माझे आईवडील आहेत, त्यांचं काही नाही, ती दोघं कुठेही एकत्र भांडतील. पण पाय? म्हणून अर्ज. नवे पाळकसाहेब – तरुण आहेत, आवाज चांगला आहे – ह्याच ईस्टरला प्रवचनात पुलपिटावर मूठ आपटून सांगत होते, देह उठला, देह! हातांना खिळ्यांची भोकं असलेला, बोट घालून बघता येणारा देह! कबर रिकामी नसेल तर आपला विश्वास फुकट! मी मागच्या बाकावर, मनात म्हटलं, आज ही असती तर मला कोपरानं ढोसलं असतं. आणि मंगळवारी त्याच पाळकसाहेबांच्या टेबलावर गाड्यांचा नकाशा पसरलेला, आणि मला म्हणतात, "काका, हाडांत काय गुंतायचं? पौल काय सांगतो? दाणा पेरला की दाणा उगवतो का?" – माझं वाक्य! माझंच, जसंच्या तसं! फक्त माझ्या तोंडी ती थट्टा होती हो, आणि ह्यांच्या तोंडी ठराव. रविवारी देह, मंगळवारी आत्मा. मी म्हटलं, साहेब, पुलपिट आणि ही खोली यांच्यात भिंत एकच आहे, धर्म तेवढ्यात बदलतो? तर म्हणतात, देव सर्वसमर्थ आहे, त्याला पाय कुठूनही सापडेल. मी म्हटलं, देवाला पाय सापडेल, मग कमिटीला गाड्यांसाठी दुसरी जागा का सापडू नये? त्यावर घड्याळाकडे बघितलं त्यांनी. निघताना वर आणि सांत्वन – म्हणे, काका, तिला नवा, तेजस्वी पाय मिळेल.

नवा! प्रभूला नाही मिळाले ते नवे हात? मिळाले असते, त्यानं घेतले नाहीत, भोकांसकट तेच ठेवले. कशासाठी? तर माणसांना ओळख पटावी म्हणून. आता उद्या एक तेजस्वी, नवीकोरी, दोन पायांची बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तर मी काय करीन? बाजूला सरकून म्हणेन, बसा, बाई. मला काय कळणार कोण ते? आमची यायची ती लाकडी पायानं, दोन खोल्या पलीकडून कळायचं, रागानं येतेय की चहा घेऊन. – हो, आलं लक्षात, मग पाय जोडून का मागतोय? तुमचा प्रश्न बरोबर आहे. तिला हवा होता म्हणून. मी मानतो की नाही याच्याशी त्याचा संबंध काय? लेक फोनवर हेच म्हणते, बाबा, तुम्ही तर कशावर विश्वास ठेवत नाही, मग नाद सोडा, लोक हसतात. अगं, विश्वास तिचा होता, अंमलबजावणी माझ्याकडे आहे.

कबरी खोदणारा आमच्या ओळखीचा. तो म्हणाला, "साहेब, कशाला अर्ज-बिर्ज? भरदुपारी कुणी नसतं, काढतो आणि टाकतो नेऊन तिकडे, कोण विचारतंय?" मी नाही म्हटलं. नियम म्हणून नव्हे – म्हणजे नियमही आहेच – पण प्रार्थना करून ठेवलेली वस्तू चोरून हलवायची? ती परत पाठवेल. शिवाय घाईही... घाई अशी मला नव्हती. म्हणजे असं आहे – तिकडे, नव्या भागात, मी जात नाही. एकदा गेलो. छान आहे, फरशी बसवलीय, नाव कोरलंय. पण तिथे आम्ही दोघं कधी बसलोच नाही हो. मी पायापाशीच बसतो. अजून. तिथे ती निदान शेजारी बसलेली असायची, बडबड करत, आणि पाय खाली... तो तिकडे नेला की मग मला इथे बसायला कारण काय? आणि नाही नेला तर खड्ड्यात. म्हणून अर्ज केला तो केला, पण उत्तर लवकर यावं असं – जाऊ द्या. हे आत बोलू नका. तुमच्या दाखल्याशी त्याचा काही संबंध नाही.

उघडलं बघा दार. – काय म्हणता, सेक्रेटरी? आज विषयपत्रिकेवर नाही? बरं. मग कधी? पुढच्या सभेत. आणि खणायला सुरुवात? – सोमवारी. आणि सभा त्याच्यानंतर. बरं. नाही नाही, माझं काही म्हणणं नाही, मी ऐकतोय.

उठा, तुमचं नाव घेतायत. जा ना, बघताय काय माझ्याकडे? जा. अर्ज विचाराधीन आहे.