कोरफडीच्या कुंडीतलं पाणी

थोरली : ही माती? कोरफडीला? कोणी दिली तुला?

धाकटी : रोपं विकतो ना, त्यानंच. म्हणाला, भरपूर खत आहे, झाड कसं तरारून येईल.

थोरली : येतंय! अगं, हिला रोज मेजवानी दिली तर अजीर्णच व्हायचं. निम्मी जाडसर वाळू, थोडा विटांचा चुरा आणि उरलेली साधी माती. वरून घातलेलं पाणी खालून निघून गेलं पाहिजे.

धाकटी : तूच कर ताई. माझ्यात त्राण नाही. फक्त जगव तिला. आई पडल्या पडल्या तिच्याकडेच बघत असते. तिच्या डोळ्यांदेखत मरायला नको.

थोरली : बघते. पण मुळं हाताला लिबलिबीत लागतायत. शी, काय वास! खाली नुसता चिखल झालाय. रोज तांब्याने ओततेस की काय?

धाकटी : छे गं. मला स्वतःला जेवायची आठवण नसते.

थोरली : मग बंद खिडकीत पाऊस पडला वाटतं!

धाकटी : आईचं उरलेलं घालते. तिनं तोंड फिरवलं की पेल्यातलं कुंडीत. उशाशीच तर आहे. दरवेळी मोरीपर्यंत कोण जाणार?

थोरली : उरलेलं? एवढं?

धाकटी : घोटभर घेते की ती.

थोरली : फोनवर म्हणायचीस, पेलेच्या पेले संपवते.

धाकटी : संपलेले दिसायचे ना. काम उरकून आले की पेला रिकामा. वाटायचं, प्यायली.

थोरली : अगं, पण रिकामा तूच करायचीस.

धाकटी : मीच... हो गं, मीच ओतायचे.

थोरली : काल आल्यापासून बघतेय, ती इतकी झोपाळलीय, ओठ सुकलेत. मला वाटलं औषधानं.

धाकटी : ओरडू नकोस ताई. झोप नाही गं मला. डोकंच चालत नाही. मी आईला... मी असं कसं केलं?

थोरली : नाही ओरडत. इकडे बघ. चूक माझी पण आहे, फोनवर विचारलं की माझं काम संपायचं. थांब, आधी डॉक्टरांना बोलावते.

(थोरली फोन करते. हात धुऊन पेला आणि चमचा घेऊन आईच्या उशाशी बसते.)

धाकटी : काय म्हणाले?

थोरली : निघालेत. तोवर उशी उंच करून थेंब थेंब द्यायला सांगितलंय. आई, ए आई, डोळे उघड. मी आलेय बघ. हां, आ कर.

धाकटी : घेतलं?

थोरली : घेतलं. गिळलंसुद्धा.

धाकटी : आणि कोरफड? तशीच उघडी पडलीय.

थोरली : पडू दे. कुजकं कापून टाकू, मुळं सुकली की वाळूत लावू. चिवट जात आहे ती.

धाकटी : तू संध्याकाळी निघणार होतीस ना?

थोरली : चुलीत गेलं ते निघणं. जा, आडवी हो जरा. पेला आता माझ्याकडे असू दे.