मायचं नाव

...तर म्हणे सुरुवात करा! अवो पण कुठून? तुमाला सांगते, त्या कुळशोध केंद्राच्या पायऱ्या चढून-उतरून आमच्या ह्यांचे गुडघे गेले, माझं डोस्कं गेलं, पण ती सुरुवात काही व्हईना! हिंगोलीत वाचनालयाच्या माडीवर निघालंय न्हवं का ते केंद्र... भितीवर ह्ये मोठं झाड काढलंय, फांदीफांदीला चौकोन, अन् त्या चौकोनात आपले बाप-आजे-पणजे नेऊन बसवायचे. अन् फुकट! आता फुकट म्हणल्यावर आमचं माणूस गेल्याशिवाय राहतंय व्हय?

न्हाई, खोटं काहून बोलू, फुकटासाठी न्हवते गेले. गेल्या पितरपाटात झालं काय, गुरुजी आले, हे पाटावर बसले, गुरुजी म्हणले, वडलांचं नाव घ्या. घेतलं. आज्याचं? घेतलं. पणज्याचं? ते तर असं घेतलं जणू काल बांधावर भेटला व्हता! आईचं? घेतलं. आजीचं?... हे गप. गुरुजी बघून राहिले, मी बघून राहिले, कौलावरचा कावळा बघून राहिला, पण ह्यांच्या तोंडातून नाव काही निघंना. गुरुजी म्हणले, "नसेल आठवत तर गंगा म्हणा, चालतंय." अन् हे ताडकन उठले की वो पाटावरून! "चालतंय कसं? आई मेली तवा मला दात बी न्हवते आले. जिनं मला भाकर कुस्करून चारली, तिचं पाणी दुसऱ्या बाईच्या नावानं सोडू?" झालं! गुरुजी तसेच, पितर तसेच, अन् खीर निवून दगड.

आता त्या आजीला समदं गाव म्हणायचं 'बापूची माय', बापू म्हणजे माझे सासरे, अन् हे म्हणायचे नुसतं 'माय'. तिच्या कुशीत निजले, तिच्या पदराला नाक पुसलं, पण माय तुझं नाव काय, असं काही इचारलं न्हाई. कोण इचारतंय? तुमी इचारलं व्हतं?

मग गेलो केंद्रात. तिथं नीलांबरी मॅडम म्हणून पोरगी बसती, बोलणं असं गोड की चहात साखर नको. "काका, घाबरायचं नाही, आधी सुरुवात तर करा! आजीचं नाव सांगा." हे म्हणले, "माय." ती म्हणली, "माय हे नाव नाही हो काका, ते नातं झालं." हे म्हणले, "आमच्यात तेच नाव व्हतं." "पण काका, कॉम्प्युटर घेत नाही." "मग त्याला माय नसंल!"

पोरीनं मान खाली घातली, हसली का रडली देव जाणे, अन् म्हणली, जुना सातबारा बघा. सातबारा! अवो, सातबाऱ्यावर बाई कुठून यावी? तिच्या नावावर चूल नसती, कारण नावच नसतं! बरं मग, म्हणे घराण्यातल्या सगळ्यात जुन्या माणसापासून सुरुवात करा.

सगळ्यात जुनं माणूस म्हणजे सखुबाई आत्या, जवळा बाजारला. नव्वदीची बुढी, कान गेलेले, जीभ शाबूत. अन् आमाला जिचं नाव पाहिजे ती हिची सख्खी माय! म्हणजे काम फत्ते न्हवं का? गेलो. नेमका बाजाराचा दिवस, सोयाबीनचे टेम्पो आडवे लागलेले, तकलीफ इचारू नका. बुढी वसरीत बसलेली. हे वरडले, "आत्या, मायचं नाव काय?"

"आं?"

"मायचं नाव!"

"कुणाची माय?"

"तुझी!"

आत्या दचकली. "काहून रे, गेली का?"

"आत्या, साठ वर्षं झाली!"

"मंग आता काहून पुसून राहिला?"

बरं, बुढीला आठवत न्हाई म्हणावं तर तिनं आपल्या बापाचं सांगितलं, आज्याचं सांगितलं, बैलाचं सांगितलं हरण्या, दुसऱ्या बैलाचं सांगितलं पाखऱ्या, लाथ मारणारी गाय व्हती तिचं बी सांगितलं, चंद्री! गाईला नाव हाय वो! अन् मायचं म्हणलं की, "माय म्हणजे माय." हे पुन्हा पुन्हा इचारून राहिले, अन् बोलता बोलता बुढी एकदम थांबली. म्हणली, "बा तिला 'अगं ए' म्हणायचा. नावानं हाक मारलेली मी ऐकलीच न्हाई रे कवा." मग ह्यांचा हात धरला अन् म्हणली, "किसना, तुला घावलं तर मला बी सांगजो."



पण थांबतील ते हे कसले! पुन्हा माडीवर. मॅडम म्हणली, "मग आजीच्या माहेरापासून सुरुवात करा, गावातले जुने लोक सांगतील." म्हणे सुरुवात करा! माहेर सिद्धेश्वरला, बराबर धरणाच्या पाण्याखाली! गाव गेलं, माणसं पांगली, कोण कुठं गेलं कुणाला ठाऊक. तरी गेलो. काठावर एक बाप्या जाळं झटकत बसला व्हता. हे म्हणले, "इथं जुनं गाव कुठं व्हतं?" तो म्हणला, "कुणी म्हणतेत इकडं, कुणी म्हणतेत तिकडं." हे म्हणले, "उन्हाळ्यात पाणी उतरतंय तवा काही दिसतं का?"

"दिसतं की."

"काय दिसतं?"

"चिखल."

हे खाली उतरले, पाण्यात उभे राहिले, ओंजळ भरली... अन् तशीच धरून उभे. सोडायची तर कुणाच्या नावानं? बोटांतून पाणी गळून गेलं, पण ह्यांनी हात काही खाली केला न्हाई. मी चपला घेऊन काठावर उभी.

मग गेल्या सोमवारी शेवटचं गेलो. हे म्हणले, "मॅडम, न्हाई घावत." पोरीचा बी चेहरा उतरला. तिनं आजीच्या चौकोनात 'अज्ञात' असं टाकलं. हे बघत राहिले, पण ह्या खेपेला भांडले न्हाईत... तेच मला बरं वाटलं न्हाई. पोरगी म्हणली, "काका, मागून नाही जमलं तर पुढून सुरुवात करू. तुमचं नाव, मुलाचं नाव..." सांगितलं. "काकूंचं?" सांगितलं. "हे लग्नानंतरचं ना? लग्नाआधीचं सांगा."

हे वळले माझ्याकडं. हळूच म्हणले, "बालाजीची माय... काय व्हतं गं ते?"

तुमाला सांगते, नातवंडं कॉलेजात गेली आमची! मी म्हणलं, "हुडका की! केंद्र हाय न्हवं!"

तर हे खरंच गेले वो जिन्यात, अन् माझ्या भावाला, विश्वंभरला, लावला फोन. तो तिकडून वरडून राहिला, समद्या माडीला ऐकू जाऊन राहिलं. "दाजी, अक्काचं नाव? अक्का!" "अरे खरं नाव, लग्नाआधीचं!" "आता मी तिच्या लग्नात पाळण्यात व्हतो दाजी, मला काय ठाऊक! मायला ठाऊक व्हतं... पण माय आता कुठं?"

हे परत आले. खुर्चीवर बसले. माझ्याकडं बघंनात, नुसती टोपी हातात घेऊन फिरवून राहिले. मला बी कसंसंच झालं, म्हणलं जाऊ दे, कशाला छळावं, सांगून टाकू... तोंड उघडते तर तवर त्या पोरीनं बटन दाबलेलं! निघाला कागद. वर एका चौकोनात आजेसासू, 'अज्ञात'. खाली एका चौकोनात मी, लग्नाआधीचं नाव 'अज्ञात'.

पोरगी म्हणली, "अय्यो काकू, सॉरी, दुरुस्त करते!"

म्हणलं राहू दे बाई... म्हातारी एकटीच व्हती, सोबत झाली.