पिवळ्या आणि पांढऱ्या

नेड्रा: आठ वाजता फोन आला, आणि तू मला हे आत्ता सांगतोस? दवाखान्याच्या दारात गाडी लावल्यावर?

व्हर्लिन: तू आंघोळीला गेली होतीस.

नेड्रा: त्यानंतर अर्धा तास गाडीत तुझ्या शेजारी बसले होते ना!

व्हर्लिन: झोपली होतीस.

नेड्रा: दवाखान्यातून कोण बोललं? कोरीन?

व्हर्लिन: हो. दहाच्या आत बाटली घेऊन या, गोळ्या मोजायच्यात. कुणी गोळ्या बाहेर विकतंय का ते बघायला दर महिन्याला दोन-चार नावं काढतात. या वेळी माझं निघालं.

नेड्रा: मग मोजू देत. तुझ्या कधी कमी भरल्यात का? मग एवढी काळजी कसली?

व्हर्लिन: बाटली उघडून बघ.

नेड्रा: या पिवळ्या... आणि या पांढऱ्या कुठून आल्या? पांढऱ्या तर बंद झाल्या ना?

व्हर्लिन: औषधाच्या दुकानानं गोळ्यांची कंपनी बदलली तेव्हापासून. या आधीच्या आहेत. पाठ जरा बरी असली की एखादी घ्यायचो नाही. साठत गेल्या.

नेड्रा: आणि ठेवल्यास त्याच बाटलीत!

व्हर्लिन: मग कुठे ठेवू? माझ्या नावाच्या बाटलीबाहेर सापडली तर पोलिसांचं लफडं. जुनी बाटली होती, ती कुणी फेकली?

नेड्रा: हं, म्हणजे शेवटी चूक माझीच.

व्हर्लिन: तसं म्हणत नाहीये गं.

नेड्रा: पण साठवल्यास कशाला? औषध तर तेच आहे म्हणतात.

व्हर्लिन: म्हणतात. पिवळी घेतली की तासाभरात अंगाला खाज सुटते. मग मळमळ. दुपारपर्यंत डोकं असं गरगरतं, की जिन्याचा कठडा सोडवत नाही. आणि एवढं करून संध्याकाळच्या आत पाठ पुन्हा सुरू. पांढऱ्यांनी नऊ वर्षांत यातलं काही केलं नाही.

नेड्रा: मग डॉक्टरांना सांगायचंस!

व्हर्लिन: सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, सवय होईल. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा लिहिता लिहिता थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला ठरावीकच गोळी हवी आहे का?" ठरावीक गोळी मागितली की नशेबाज. आपल्या ओरीला असंच दवाखान्यातून काढलं ना यांनी? खाणीचं छत कोसळलं तेव्हा एकाच ढिगाऱ्याखाली अडकलो होतो आम्ही दोघं. आता तो खुर्चीतून उठत नाही.

नेड्रा: दुसऱ्या दुकानात पांढऱ्या मिळतीलही.

व्हर्लिन: मिळतील. फोनवर विचारलं तर सांगत नाहीत, त्यांना चोरीची भीती. आणि मी सही केलीय, एकच डॉक्टर, एकच दुकान. दुसऱ्या दारात गेलो की करार मोडला. अख्ख्या कौंटीत दुखण्यावरचा हा एकच दवाखाना उरलाय, नेड्रा. इथून काढलं तर संपलं.

नेड्रा: या पांढऱ्या घेतोस कधी?

व्हर्लिन: जाऊ दे ना.

नेड्रा: कधी घेतोस, विचारतेय.

व्हर्लिन: मंगळवारी. गुरुवारी. शनिवारी.

नेड्रा: माझ्या किडनीच्या मशीनचे दिवस.

व्हर्लिन: डोंगरातली वळणं आहेत. गरगरत्या डोक्यानं चालवू? पिवळ्या नवीन होत्या तेव्हा एकदा लाकडाचा ट्रक समोर आला. आरशाला आरसा घासला.

नेड्रा: हे कधी झालं?

व्हर्लिन: झोपली होतीस.

नेड्रा: तुझ्या सगळ्या गोष्टींत मी झोपलेलीच असते.

व्हर्लिन: मशीनवरून उतरल्यावर तुझ्यात जीव तरी असतो का?

नेड्रा: पांढऱ्या काढून घे. माझ्या पर्समध्ये टाक.

व्हर्लिन: मग पिवळ्या जास्त भरतात. त्या दिवसांच्या उरल्यात ना! म्हणतील, हा घेतच नाही, याला द्यायच्या कशाला?

नेड्रा: मग त्याही काढ हिशेबानं.

व्हर्लिन: इथे बसून? त्या खांबावर बघ, कॅमेरा आहे.

नेड्रा: चल मग आत. बसून काय होणार आहे?

(दवाखान्यात, नर्सच्या खिडकीशी.)

कोरीन: या या. नेड्रा, आज तुझा मशीनचा दिवस ना? किती वाळलीस गं. शाळेत आमच्या संघात सगळ्यांत दांडगी ही, व्हर्लिन, ठाऊक आहे ना? आण ती बाटली.

व्हर्लिन: कोरीन, आधी मी काय सांगतो ते—

कोरीन: आधी मोजते, मग सांग. ...हे काय आहे?

व्हर्लिन: तेच सांगत होतो. पांढऱ्या आधीच्या कंपनीच्या आहेत. इथूनच लिहून दिलेल्या.

कोरीन: गोळ्यांवर दोन वेगवेगळे छाप आहेत, व्हर्लिन.

नेड्रा: दुकानाला फोन कर. ते सांगतील, यालाच दिल्या होत्या म्हणून.

कोरीन: दिल्या होत्या, एवढं सांगतील. याच त्या, हे कोण सांगणार? मी सोडून दिलं असतं गं. पण मोजणीच्या ट्रेवर कॅमेरा आहे, आणि तो मी लावलेला नाही.

नेड्रा: पिवळ्यांनी गरगरतं त्याला. मला घेऊन डोंगर ओलांडायचा म्हणून या पांढऱ्या साठवल्या त्यानं. एवढं लिही तुझ्या कागदावर.

कोरीन: लिहिते. पण ठरवणार डॉक्टर. ते अकराला येतात. तोवर बाटली इथेच राहील, आणि व्हर्लिनलाही थांबावं लागेल.

व्हर्लिन: अकराला हिला मशीनवर बसायचंय. मी सोडून परत येतो.

कोरीन: निघालास तर मला लिहावं लागतं, मोजणी चालू असताना निघून गेला म्हणून. मग डॉक्टर कागद वाचायचेही नाहीत. तुला माहीत आहे.

नेड्रा: चावी दे.

व्हर्लिन: वेडी आहेस का?

नेड्रा: जाताना येतं मला चालवता. येतानाच हात कापतात.

व्हर्लिन: मग येताना काय करशील?

नेड्रा: तुला मोकळं केलं तर तू ये. ओरीच्या मुलाला गाडी माग. नाही केलं, तर तिथे बाक आहे. बसेन.

व्हर्लिन: वळणांवर हळू घे. आणि लाकडाचे ट्रक दिसले की बाजूला थांब, आधी त्यांना जाऊ दे.

नेड्रा: आज झोपणार नाही मी.

कोरीन: बस व्हर्लिन, उभा राहू नकोस. पाठ धरेल तुझी. आज काही घेतलंस का?

व्हर्लिन: मोजणी आहे म्हणून सकाळी घेतली नाही. आता कुठून घेऊ? बाटली तुझ्याकडे आहे.

कोरीन: खुर्चीत उशी घे ती. पाणी देऊ?

व्हर्लिन: नको. डॉक्टरांची गाडी आली का?

कोरीन: अजून नाही.

व्हर्लिन: आणि आमची? गेली?

कोरीन: वळली आत्ताच. डोंगराच्या रस्त्याला लागली.