भरलेला वॉर्ड

(बेंगळुरू, एचएसआर लेआउटमधला एक फ्लॅट. सकाळ. स्वयंपाकाला येणारी तानूबाई हॉलमधल्या दिवाणावर पोटाशी पाय घेऊन निजली आहे. जवळ घरच्या प्रेमाबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा मकरंद.)

प्रेमा: अरे, हात ठेवलास, दाबून बघितलंस, आणि एवढं सगळं करून म्हणतोस काय, तर सीटी स्कॅन!

मकरंद: आई, सगळीकडे असंच असतं आता. स्कॅनशिवाय कोणी तोंड उघडत नाही.

तानूबाई: अक्का, ऱ्हाऊ द्या वो. स्वल्प पडते, मग पोळ्या लाटते. कणीक मळून ठेवलीया.

प्रेमा: कणीक गेली खड्ड्यात. ओट्यापाशी मटकन खाली बसलीस तू. तोंड बघ कसं पांढरंफटक पडलंय. मकरंद, तिच्या अंगात ताप आहे. रात्रभर उलट्या. परवा बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे खाली दुखतंय. आणखी काय सांगायला हवं तुला?

मकरंद: परवा मी गॅसची गोळी दिली होती.

प्रेमा: दिलीस. मग?

मकरंद: मग आता काहीही असू शकतं. अपेंडिक्स असेल, स्टोन असेल, ओव्हरीचं काही असेल. म्हणून म्हणतोय, आमच्या हॉस्पिटलला नेऊ. स्कॅन, ब्लड टेस्ट, लागलं तर अ‍ॅडमिट करू.

तानूबाई: त्या काचंच्या दवाखान्यात? नगं अण्णा. तितं नुसतं दार उगडायचं बी पैसं घेत्यात.

प्रेमा: तू नोकरीला आहेस ना तिथे? तुझ्या शब्दावर काही कमी नाही करत?

मकरंद: मी ड्यूटी डॉक्टर आहे, मालक नाही. उलट दर महिन्याला मीटिंग असते. कोणाच्या ओपीडीतून किती स्कॅन गेले, किती अ‍ॅडमिशन झाल्या, सगळं पडद्यावर नावासकट लावतात. माझं नाव नेहमी वर असतं.

प्रेमा: म्हणजे तानूला तू त्या पडद्यासाठी नेतोयस?

मकरंद: नाही गं!

प्रेमा: माझ्या घरात इतकी वर्षं राबली ती. तुला मेडिकलच्या परीक्षेच्या दिवसांत ताट खोलीत नेऊन द्यायची.

मकरंद: आई, नाही म्हटलं ना! मी तिला पाठवतोय, कारण मला कळत नाहीये. झालं समाधान? मी दाबतो, ती आई गं म्हणते, आणि मला त्यातून काहीही कळत नाही. म्हणून मी सगळ्यांनाच स्कॅनला पाठवतो. हॉस्पिटलला वाटतं, मुलगा कामाचा आहे. माझं न कळणं त्यांना चांगलं परवडतं.

प्रेमा: काय बोलतोयस हे? जे. पी. नगरचा प्लॉट दिला आम्ही तुझ्या मेडिकलच्या सीटपायी. तुझ्या बाबांनी घराचा नकाशासुद्धा काढून घेतला होता.

मकरंद: मी नव्हतं सांगितलं विकायला.

प्रेमा: दार लावून रडत कोण होतं मग?

मकरंद: अठरा वर्षांचा होतो. तुमचे मंडळातले सगळे विचारायचे, काय रे, मेडिकलला लागला का? रडेन नाही तर काय करेन!

प्रेमा: आणि आम्ही काही डोळे मिटून पैसे ओतले नाहीत. स्वतः जाऊन कॉलेज बघून आलो. टेकडीवर ती एवढी मोठी इमारत, आणि वॉर्डात एक पलंग रिकामा नाही. बाबा म्हणाले, एवढे पेशंट आहेत, मुलाचा हात चांगला बसेल.

मकरंद: कुठल्या दिवशी गेला होतात?

प्रेमा: ते आता कुठलं आठवायला. त्यांनीच फोन केला होता. म्हणाले, कॉलेजला मान्यता देणारे दिल्लीचे लोक तपासणीला येणार आहेत, त्याच दिवशी या, सगळं चालू असलेलं बघायला मिळेल.

मकरंद: मिळालं ना बघायला? आठवडाभराने गेला असतात तर रिकाम्या पलंगांवर मांजरं बघायला मिळाली असती.

प्रेमा: म्हणजे काय?

तानूबाई: अक्का... टेकडीवरचं म्हंजी, गेटापाशी मारुतीचं देऊळ हाय, त्ये?

मकरंद: तुम्हाला कसं माहीत?

तानूबाई: तितं मी निजलेली की.

प्रेमा: आजारी होतीस? कधी बोलली नाहीस ती?

तानूबाई: आजारी न्हाई वो. तवा आमी तिकडंच बांधकामावर हुतो. मी आन आमचं मालक, शिवाप्पा. तपासणी आली की यल्लाप्पा मुकादम टेंपो आणायचा. रोजाची हजेरी मिळायची, वर दुपारी अंडा बिर्याणी. हिरवा झगा घालायचा, हाताला नळी चिकटवायची. सुई न्हाई, नुसती नळी. आन निजायचं. साहेब जवळ आला की कण्हायचं.

प्रेमा: मी एका बाईला विचारलं होतं तिथे. मराठी बोलत होती, म्हणून मुद्दाम थांबले. इथे कसं बघतात गं म्हटलं, तर म्हणाली, देवमाणसं आहेत.

तानूबाई: आमच्यात निपाणीकडच्या चार-पाच बायका हुत्या. तसंच सांगा म्हणून शिकिवलं हुतं.

प्रेमा: अगं, त्या एका वाक्यावर माझं मन पक्कं झालं! घरी येऊन ह्यांना म्हटलं, द्या प्लॉट. मकरंद, तुला हे माहीत होतं?

मकरंद: पहिल्या वर्षीच कळलं. सगळ्यांनाच माहीत होतं.

प्रेमा: आणि बोलला नाहीस!

मकरंद: काय बोलणार? प्लॉट परत येणार होता? फायनल इयरला वॉर्डात मोजकेच पेशंट, तेही गुडघेदुखीचे. आम्ही एवढी मुलं त्यांच्याभोवती. अपेंडिक्स पुस्तकात वाचलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. सर्जरीचे सर तर तपासणीपुरते यायचे.

तानूबाई: व्हय. डाक्टर बी गाडी भरूनच आणलेले. सांजच्याला आमचा टेंपो आन त्येंची बस, दोनी संगंच भाईर पडायची.

प्रेमा: पण सोंगं कशाला आणायची? आजारी माणसं काय कमी होती आसपास? फुकट बघितलं असतं तर रांग लागली असती.

तानूबाई: आजारी माणूस घेतच न्हवते अक्का. आजारी माणूस वराडतंय, औषद मागतंय. साहेबापुढं मेलं तर भानगड. आमच्या मालकांस्नी खोकला हुता, थुंकीतनं रगत पडायचं. ते टेंपोत बसलेले, यल्लाप्पानं त्येंला खाली उतरिवलं. म्हणला, खोकणारा नगं. मी गेले. मी गादीवर निजले, आन ते शेडात खोकत बसले.

प्रेमा: मग?

तानूबाई: मग काय. दिवाळी न्हाई बगितली त्येनी.

मकरंद: तुम्ही त्याच हॉस्पिटलात होतात की. तिथे कोणाला सांगितलं नाहीत?

तानूबाई: आयो... अक्का, लई दुकतंय आता.

प्रेमा: मकरंद, बघत काय बसलायस! काहीतरी कर.

मकरंद: थांब, रोशनला लावतो. बारावीला माझ्या बाकावर होता. हुबळीला सरकारी कॉलेजात शिकला, आता इथल्याच शिवाजीनगरच्या सरकारी हॉस्पिटलात आहे. स्पीकरवर टाकतो. हॅलो, रोशन? मकरंद.

रोशन: बोल. लवकर बोल, वॉर्डात आहे.

मकरंद: आमच्या घरी एक बाई आहेत. पंचेचाळिशीच्या. पोटात दुखतंय परवापासून, आधी बेंबीपाशी, आता उजवीकडे खाली. ताप, उलट्या.

रोशन: मग मला काय विचारतोस? हात ठेवलास की नाही?

मकरंद: ठेवला. तू सांग कसा ठेवू.

रोशन: काय?

मकरंद: सांग ना! कसा ठेवायचा ते सांग.

रोशन: सरी, ठीक आहे. बाईंना उताणं निजव. गुडघे जवळ घ्यायला सांग. दुखतंय तिथे बोटं सपाट ठेव, खुपसू नकोस. हळूहळू दाब. तोंडाकडे बघ त्यांच्या, पोटाकडे नको. दाबलंस? आता हात एकदम काढ.

तानूबाई: आईऽऽ!

मकरंद: दाबताना जास्त दुखलं की सोडताना? तानूबाई, नीट सांगा, खरं सांगा.

तानूबाई: सोडताना. खरंच सांगतुया अण्णा. आज काय हजेरी न्हाई मला.

रोशन: ऐकलं मी. पोट कडक लागतंय का?

मकरंद: हो. फळीसारखं.

रोशन: मग तिथे वेळ काढू नकोस. फुटलं असेल, नाही तर फुटायच्या बेतात असेल. सोनोग्राफी, रक्त, सगळं इथे बघू. सर्जन आतच आहेत, मी सांगून ठेवतो. तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नको.

प्रेमा: रोशन, मी सकाळी ताक दिलंय रे तिला. पोट थंड होईल म्हणून.

रोशन: असू दे काकू. आल्यावर तेवढं सांगा. निघा.

तानूबाई: अक्का, मी जगते न्हवं?

प्रेमा: जगशील. मी तुझ्याजवळ बसणार आहे, हललेच तर बघ. मकरंद, तुझी ओपीडी आहे ना? मी रिक्षाने नेते हवं तर.

मकरंद: नको. ओपीडीत मशीन आहे, माझ्यावाचून काय अडतंय तिथे? तानूबाई, माझ्या खांद्यावर भार द्या. हळू.

प्रेमा: रडतोयस?

मकरंद: दोन दिवस गॅसची गोळी दिली गं मी तिला. दोन दिवस ती तसल्या पोटाने आपल्या पोळ्या लाटत होती.

प्रेमा: आता ते राहू दे. लिफ्ट बोलाव.

मकरंद: आई.

प्रेमा: काय?

मकरंद: तिथे कोणी विचारलं, तर मी डॉक्टर आहे म्हणून सांगू नकोस.

प्रेमा: नाही सांगणार. गाडी काढ.