तात्याच्या दारामागं

...आन् वरून मलाच म्हणतेत, "अगं, चिडतीस कामून? फुकट हाय की!" फुकट! तुमाला सांगते, या एका शब्दानं माझं डोकं खाल्लंय. बसा तुमी, बसा, चहा ठेवलाय, उकळायलाय, तोवर बैजवार सांगते. फुकट म्हणजे काय असतंय ते या सगळ्या जिंतुरात माझ्याइतकं कुणाला कळालेलं न्हाई!

आता आमचे हे, अप्पाराव, तुमी बघितलेच हायेत. शाळेत क्लार्क. माणूस कसा, तर एकदम गरीब. पान न्हाई, तंबाखू न्हाई, कुणाशी हुज्जत न्हाई. दाखला न्यायला कुणी आला तर आधी त्याला पाणी विचारतेत, मग नाव विचारतेत. असा माणूस एक दिवस जेवता जेवता थांबला. भाकरीचा तुकडा हातात तसाच. नजर वर, पंख्याकडं. मला वाटलं भाजीत केस निघाला. तर म्हणतेत कसे, "काय गं, त्या दाराच्या मागं काय असंल?" मी म्हणलं, कुठल्या दाराच्या? आपल्या मागच्या दारामागं मोरी हाय, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आज विचारायलात? तर म्हणतेत, "न्हाई गं... तात्याच्या!"

हा तात्या कोण? तेच मीबी विचारलं! तर झालं असं, आमच्या लग्नाच्या आधी बसस्टँडच्या मागं एका किराणा दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास निघाला होता. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसून आत जायचं, कॉम्प्युटरला मखमलीचं कव्हर, बाजूला उदबत्ती, देवघराला नसंल असा थाट. आन् सर कसे, नाकात बोलायचे, "हळू दाबा रेऽ, हळू! कळ हाय ती, बोअरचं बटन न्हाई!" तर त्या कॉम्प्युटरात एक गेम होता. टोपीवाला इवलासा माणूस, हातात कंदील, शिड्या चढत चढत वर जायलाय... वरून दगड गडगडायलेत, वटवाघळं अंगावर यायलीत, तरी हा आपला चढायलाय. वीस मजले! आन् विसाव्या मजल्यावर एक दार. बंद. क्लासच्या खाली जो वॉचमन बसायचा तात्या, त्याचीबी टोपी अशीच, म्हणून पोरांनी गेमचं नाव ठेवलं तात्या. खरं नाव कुणी वाचलंच न्हाई. इंग्रजीत होतं ना!

त्या बॅचला तिघं पक्के खेळणारे. एक आमचे हे. दुसरे योगीराजभाऊ, आता बियाणाचं दुकान हाय त्यांचं. आन् तिसऱ्या राजेश्रीबाई, वालूरच्या शाळेत शिकवतेत, तेव्हा बॅचमधली एकटी मुलगी. तिघांनी मिळून तात्याला विसाव्या मजल्यापर्यंत कितीदा नेला, पण दार काही उघडलं न्हाई. कामून? अहो, लाईट! तात्या शेवटच्या शिडीवर पाय ठेवायला आन् लाईट जायला एकच गाठ! की पुन्हा पहिल्या मजल्यापासून. या तिघांना सवयच लागली. लाईट गेली की दोन्ही हात वर, "गेऽऽली!" म्हणून ओरडायचं, उठायचं आन् खिडकीत जाऊन बघायचं, आपलीच गेली का समोरचीबी गेली. समोरचीबी गेलेली दिसली की कसं गार वाटतंय जिवाला, न्हाई का?

मग वाद. दाराच्या मागं काय असंल? योगीराजभाऊ म्हणायचे, "सोन्याचा हंडा! लिहून देतो!" राजेश्रीबाई म्हणायच्या, "तात्याची बायको असंल, ताट वाढून बसलेली." आन् आमचे हे? म्हणायचे, "उघडल्यावर कळंल," एवढंच. पुढं क्लास बंद पडला, कॉम्प्युटर भंगारात गेला, आन् ते दार ह्यांच्या डोक्यात तसंच बंद राहिलं. मला सांगा, एवढ्या वर्षात मला एका शब्दानं बोलले न्हाईत! मला वाटायचं, हे गप गप बसतेत ते घराची फिकीर करत असतील. तात्याची करत होते!

तर त्या भाकरीच्या दिवशी ह्यांना कुणीतरी शाळेत सांगितलं, की जुने गेम आता इंटरनेटवर मिळतेत. फुकट! झालं. संध्याकाळी चष्मा लावून बसले. पण शोधायचं काय? नाव कुठं माहीत हाय? लिहिलं, 'तात्या गेम फ्री'. काय काय म्हातारे निघाले त्यात, इचारू नका. मग लिहिलं, 'टोपीवाला माणूस शिडी फ्री'. तर शिड्या निघाल्या, अहो खऱ्या! अल्युमिनियमच्या! घडीच्या, बिनघडीच्या, चाकाच्या. आन् तवापासून ह्यांच्या फोनला शिड्यांच्या जाहिरातींनी जे धरलंय... बातम्या उघडा, शिडी. राशीभविष्य उघडा, शिडी. साडू विचारतोय, "अप्पाराव, घरावर मजला चढवायलात का?"

पुढचं ऐका. एका पानावर शेवटी शिड्या चढणारा माणूस दिसला. खाली हिरवी बटनं, एक न्हाई, चांगली पाच-सहा, सगळ्यांवर 'फ्री डाउनलोड'. खरं बटन कुठलं? ह्यांनी एकेक करून सगळी दाबली! कुणाला वाईट वाटू नये म्हणून! स्वरदा, आमची लेक, संभाजीनगरला शिकायलीय, तिचा जुना लॅपटॉप तो. त्यात रमी उघडली, पत्ते पिसायला लागले आपोआप, मग एक बाई इंग्रजीतून ओरडायला लागली, भोंगा वाजवून! बंद करावं तर बंद होईना. समोरच्या धुरपताबाई पदर खोचून पळत आल्या, "काय झालं वो? ॲम्ब्युलन्स कुणासाठी आली?" मी काय सांगू? मी म्हणलं, तात्यासाठी. त्या बिचाऱ्या हळहळल्या, म्हणल्या, "वय काय होतं?"

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मांडीवर घेऊन यष्टीनं परभणीला. दुरुस्तीवाल्यानं सगळं पुसून दिलं. त्यात माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचे फोटोबी पुसले, ज्यात मी जरा बरी दिसत होते. आन् घरी येऊन म्हणतेत, "गेम मात्र फुकट असतो, बरं का!"

शेवटी मीच स्वरदाला फोन लावला. ती आधी हसली, पोट धरून. मग म्हणली, "आई, जुन्या गेमचं म्युझियम असतंय इंटरनेटवर, तिथं नीट जपून ठेवतेत. पप्पांना म्हणा, हिरव्या बटनाला हात लावायचा न्हाई. तात्याचं चित्र काढून पाठवा." ह्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं चित्र काढलं. टोपी, कंदील, शिडी, दार. इतकं मन लावून काढलं, की मी बघतच राहिले, माझं नाव लिहिताना कधी एवढी जीभ बाहेर आली न्हाई. तिनं ते कुठल्याशा जुन्या गेमवाल्यांच्या मंडळात टाकलं आन् तुमाला सांगते, इकडं माझा कुकर व्हायच्या आत उत्तर आलं! कुठून? ब्राझीलहून! आता मला सांगा, तिकडं ब्राझीलला बसलेला माणूस, त्याला आमच्या तात्याचं नाव-गाव माहीत! लांबलचक इंग्रजी नाव हाय, माझ्या तोंडात बसत न्हाई. स्वरदा सुट्टीत आली, तिनं लॅपटॉपात तो घालून दिला, नेट नसलं तरी चालतोय. आन् सहज म्हणली, "पप्पा, शेवट व्हिडिओत हाय, दाखवू का?" तर हा माणूस, कधी लेकीवर आवाज न चढवणारा, कानावर हात ठेवून ओरडला, "खबरदार! ते दार मी उघडणार!"

मग काय... योगीराजभाऊंना फोन, राजेश्रीबाईंना फोन. दर रविवारी दुपारी वालूरहून बाई, दुकान पोरावर टाकून भाऊ, आन् माझ्या बैठकीत क्लास सुरू! पडदे ओढलेले. खुर्चीवर हे, दोन्ही बाजूंनी ते दोघं, "डावीकडं! डावीकडं! अप्पा, दगड!" "गप ना योग्या, मला दिसायलंय!" "उडी मार, उडी!" आन् मी? पोहे. मग चहा. मग, "वहिनी, त्या दिवशीचा चिवडा शिल्लक हाय का वो?" मी काही बोलायला गेले, की तिघं एका सुरात, "अहो, गेम फुकट हाय ना!" पोहे काय शेतात पिकतेत माझ्या?

पण खरं सांगते हं... मला आवडायचं. राग यायचा आन् आवडायचंबी. ह्यांना मी एवढं हसताना आजवर कधी बघितलं नव्हतं. दगड लागून तात्या खाली पडला, की हे स्वतः "आई गं" म्हणायचे आन् मग ते तिघं असे हसायचे, की भिंतीवरचं घड्याळ हलायचं.

तर मागचा रविवार. दुपारची वेळ. मी चहाचा ट्रे घेऊन आत आले तर बैठकीत चिडीचूप. बघते तर तात्या विसाव्या मजल्यावर! शेवटच्या शिडीच्या खाली! ह्यांच्या कपाळावर घाम, योगीराजभाऊंच्या तोंडात पोहे तसेच, चावायचंबी थांबलेलं, राजेश्रीबाईंनी माझी उशी पोटाशी आवळून धरलेली. हे पुटपुटायलेत, "हळू... हळू... बोअरचं बटन न्हाई..." एक शिडी राहिली. एकच! आन्...

पंखा थांबला!

"गेऽऽली!" तिघांचे सहा हात वर! तिघं उठले, खुर्ची मागं, आन् पळाले की खिडकीकडं! पडदा बाजूला, माना बाहेर. "धुरपताबाईकडची गेली का बघ!" "गेली, गेली!" "आन् त्या कोपऱ्यावरची?" "तीबी गेली!" "मग बरं हाय!"

अहो, लॅपटॉप तो! त्याला बॅटरी असती! लाईट गेली काय न् आली काय, त्याला काय फरक पडायलाय? तात्या बिचारा तिथंच उभा. कंदील धरून. एकटा. आन् डावीकडून वटवाघूळ यायलंय. मी कधी त्या क्लासला गेले नव्हते, मला कुठं सवय हात वर करायची? एका हातात ट्रे, दुसऱ्या हातानं वर जायची कळ दाबली. तात्या चढला. आणखी दाबली. आणखी चढला. दारापुढं आला. मी पुन्हा दाबली...

आन् दार उघडलं!

मी बघितलं. या तिघांच्या पाठी माझ्याकडं होत्या आन् मी एकटीनं, ट्रे हातात घेऊन, दाराच्या मागं काय हाय ते बघितलं!

तिघं वळले तर तात्या पहिल्या मजल्यावर. ह्यांना वाटलं, लाईटमुळं गेला खाली, नेहमीसारखा. मग डोक्यात उजेड पडला. "अरे... हा तर चालू हाय! तात्या... तात्या कुठं गेला होता?" मी म्हणलं, आत. "आत?" आत. "तू... तू बघितलंस?" बघितलं. योगीराजभाऊ माझ्यापुढं हात जोडून, "वहिनी, हंडा होता न्हाई? पिवळा होता न्हाई?" राजेश्रीबाई, "बायको होती ना? ताट होतं ना?" आन् हे? निस्ते माझ्याकडं बघायलेत. मला वाटलं रागावले, एवढ्या वर्षांचं दार आन् बायकोनं उघडलं! पण राग नव्हता वो. सणाला न्हाऊमाखू घातलेल्या लेकराचं तोंड असतंय ना, तसं तोंड होतं.

मी म्हणलं, चहा निवायलाय. घ्या. आन् दाराचं ज्याचं त्यानं बघा.

हे बाजारात गेलेत तोवर तुमाला म्हणून सांगते, पण धुरपताबाईजवळ बोलू नका, तिथून गेलं की देवगाव फाट्यापर्यंत जातंय. दार उघडलं, तात्यानं कंदील वर केला, आत गेला, घटकाभर अंधार झाला... आन् पुन्हा पहिला मजला. तीच शिडी, तेच दगड, तीच वटवाघळं. दगड तेवढे जरा जोरात यायले. बास! हंडा न्हाई, बायको न्हाई, ताट न्हाई. मला काही नवल वाटलं न्हाई. रात्री भांडी घासून ओटा पुसते, वाटतंय संपलं, आन् सकाळी दार उघडावं तर पहिला मजला... दूध, चहा, डबे. आन् दगड तर आताशा लयच जोरात यायलेत. तरी खोटं कशाला बोलू, सोमवारी हे शाळेत गेल्यावर मी एकदा बसले. वाटलं, माझं बघायचं चुकलं असंल, एखादा बारकासा हंडा राहिला असंल कोपऱ्यात. तिसऱ्याच मजल्यावर तात्या पडला आन् इकडं दूध उतू गेलं.

पण ह्यांना कसं सांगू? सांगितलं तर रविवार संपला. हे पुन्हा गप बसणार, पंख्याकडं बघत. त्यापेक्षा न्हाई सांगत. चढू द्या. रोज रात्री जेवताना हळूच विचारतेत, "एवढंच सांग, मोठं होतं का बारीक?" मी म्हणते, मोठं. मग रात्रभर खुशीत झोपतेत.

...बेल वाजली बघा. आज रविवार, न्हाई का! दाराच्या मागं काय असतंय म्हणून विचारायलेत जन्मभर... मी सांगते काय असतंय. योगीराजभाऊ असतेत! रिकाम्या पोटी! आलेऽऽ, आले हो... थांबा, तुमचा चहा आता त्यांच्यात गेला. उठू नका, बसा, पुन्हा आधण ठेवते, पहिल्या मजल्यापासून. घाई काय हाय? फुकटच हाय की!