सुईची तारीख, गोळीची तारीख

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मारुतीराव, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती डॉक्टर चिंतामणी हेरेकर, आणि शहापूर, टिळकवाडी, कंग्राळीहून आवर्जून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आतापर्यंतच्या वक्त्यांनी डॉक्टरांना देवमाणूस म्हटलं. असतील. पण मी त्यांच्या वॉर्डातली नर्स, जयाबाई. देवाच्या हाताखाली काम करणाऱ्याचं डोकं किती पिकतं, ते मला विचारा.

दुसरं महायुद्ध संपलं आणि डॉक्टरांच्या विलायतेतल्या मित्रानं रक्त पातळ करणारी दोन औषधं धाडली. हृदयाच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकून छातीत कळ येते, त्या पेशंटांसाठी. एक सुई. लगेच लागू पडते, पण दिवसातनं कितीदा तरी टोचायची. दुसरी गोळी. घ्यायला सोपी, पण गुण यायला दोन-तीन दिवस. दोन्ही थोडी थोडीच. बरी कुठली? ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. म्हणाले, पडताळून पाहू. विषम तारखेला येईल त्याला सुई, सम तारखेला गोळी. आपल्या मनानं निवडायचं नाही.

आता सांगा, आपल्या मुलखात सुई टोचल्याशिवाय औषध घेतल्यासारखं वाटतं का कुणाला? बातमी बाजारात फुटली. गोळीच्या तारखेला वॉर्ड ओस, सुईच्या तारखेला दारात गाड्यांची रांग. छातीत कळ येणारा माणूस काय तारीख बघून कळ आणतो? मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

मग कंग्राळीचा भरमू आला. आला म्हणजे गाडीतून आणला, आणि वाटेतच गेला होता. मी त्याच्या बायकोला, बाळाबाईला, विचारलं की कळ कधी आली.

"काल सकाळी," ती म्हणाली. "काल गोळीची तारीख हुती न्हवं? म्हणून थांबलो."

त्या दिवशी डॉक्टरांनी तारखा मोडल्या आणि डब्यात चिठ्ठ्या ठेवल्या. पेशंट आला की चिठ्ठी काढायची. तर लोक काय करायचे? गोळीची निघाली की पेशंट उचलून घरी! उद्या येतो म्हणे, उद्या सुईची निघंल. मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि एके दिवशी वॉर्डातच डॉक्टर छाती धरून खाली बसले. मी सुई भरायला धावले. हे महाशय घामानं चिंब झालेले, तोंड पांढरं पडलेलं, तरी म्हणतात, आधी डबा आणा. निघाली गोळी. मी हाताशी सुई असताना गोळी देईना. माझ्या तोंडून त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते अध्यक्षांसमोर सांगत नाही.

"मी सुई घेतली," ते म्हणाले, "तर उद्या कंग्राळीत काय सांगाल, जयाबाई?"

दिली गोळी. गुण येईपर्यंत मी जे भोगलं, त्याची भरपाई आज मला पांघरलेल्या या शालीनं होणार नाही, डॉक्टर. पण ते वाचले, आणि डॉक्टरनं बी गोळीच खाल्ली म्हणून गावोगाव झालं. लोकांनी सुईची वाट बघणं सोडलं. भरमूच्या भावाला, परशरामाला, शेतात कळ आली, तर बाळाबाईनं त्याच पावली गाडी जुंपली. चिठ्ठी गोळीची निघाली, तिनं मुकाट्यानं घेतली. तो परशराम तिसऱ्या रांगेत बसलाय. तंबाखू थुंकून या आधी, परशराम.

बरं, इतकं सगळं करून औषध बरं कुठलं? काल विचारलं, तर म्हणतात, "पेशंट फार थोडे झाले. अजून नाही सांगता येत." काय बोलायचं या माणसापुढं!

आज दारात बाळाबाई भेटली. डॉक्टर शेजारीच होते. ती म्हणाली, "डॉक्टरास्नी आधी दुखलं असतं, तर आमचं मालक वाचलं असतं बघा."

डॉक्टरांनी तिला हात जोडले आणि म्हणाले, "खरं आहे."

मघापासून रागानं बोलतेय, कारण रडायचं नाही असं घरातून ठरवून निघाले होते. चहाची व्यवस्था करणाऱ्या मंडळींची आणि मला बोलू देणाऱ्या अध्यक्षांची मी आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर नर्सची जीभ म्हणून सोडून द्या.