एकशे अठराच्या वेगातला फोटो

परदेशात भाड्याची गाडी परत करायच्या रांगेत पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं मराठी कानावर पडलं, आणि मागे उभ्या एका मराठी शिक्षिकेनं कान टवकारले.

"अहो, या कागदावर फोटो कुणाचा?"

"तुझाच. वेगाचा दंड आलाय. ऐंशीच्या रस्त्यावर एकशे अठरा!"

"तुमच्या छातीत कळ आलेली. मुंगीच्या पावलांनी जायचं होतं का?"

"अगं, पण गाडीच्या करारात तुझं नाव मी नुसतं नावापुरतं घातलं होतं. घरी तू बाजारापलीकडे कधी गाडी नेली नाहीस."

"नेऊ कुठे दिलीत? शेजारी बसून 'ब्रेक दाब, ब्रेक दाब' करत जीव खायचात."

"घाटात वळणं किती होती गं?"

"कोण मोजतंय! मी तुमचा श्वास ऐकत होते."

"डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं लागली असती तर..."

"पुरे. ही काउंटरवरची मुलगी काय म्हणतेय?"

"दवाखान्याचा कागद जोडून अर्ज केला, तर दंड माफ होऊ शकतो."

"मग करा की."

"करतो. आधी तिला विचारतो, हा फोटो मोठा करून मिळेल का?"

शिक्षिकेनं मान लांबवून पाहिलं. फोटोतली बाई स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होती. शेजारचा नवरा, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, तिच्याकडे.